शनिवारची बोंब

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचताना कुणाला वाटायचं की बाई पट्टीची पोहणारी असणार. पेडण्यात वाढले, घरामागे ओहोळ, देवळापुढे तळी, आणि तरी मी कमरेच्या वर पाण्यात कधी उतरले नाही. आमच्या आईचं ठाम मत होतं की पोहता येणारेच बुडतात. ज्यांना येत नाही ते काठावर बसून सुखाने चहाबरोबर उंडे, म्हणजे पाव, खातात. अशी मी, आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळेतल्या नोकरीत मुलांना सगळ्यात मन लावून काय शिकवलं असेल, तर पाण्यापाशी कसं वागायचं ते. पाढे तर सगळेच शिकवतात.

माझी पहिली शाळा पेडणे तालुक्यात, नदीकाठच्या गावात होती. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. शाळेच्या फलकावर नवा रंग चढला होता आणि पालकांच्या बैठकीत मराठी की कोकणी यावर तावातावाने बोलणं व्हायचं. गावाची शेतं नदीच्या पातळीखाली. मध्ये मातीचा बांध आणि बांधात एक लाकडी दार, त्याला तिकडे मानस म्हणतात. भरती आली की नदीच्या रेट्याने दार आपोआप बंद होतं, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. दार उघडलं की तोंडाशी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सापडतात, आणि सुंगटं आली की मुलं आली. वरून पाणी शांत दिसतं, पण तळाशी ते दाराकडे जोरात खेचत असतं.

चौथीतला पुंडलिक तिथे गेला. सुट्टीची दुपार होती. बरोबर वर्गातली आणखी मुलं होती. ती घरी परतली, जेवली, अंगणात खेळली. संध्याकाळी पुंडलिकची आई हाका मारत निघाली, तेव्हा ही मुलंही तिच्याबरोबर हाका मारत फिरली. काजूच्या बागेत गेली, देवळामागे गेली, जिथे तो नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं तिथे तिथे गेली. त्याची चड्डी आणि सदरा त्यांनी माडाच्या झावळ्यांखाली लपवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो सापडला.

गावाने त्या मुलांना राक्षस ठरवलं. मला राग आला होता, पण रागापेक्षा कोडं मोठं होतं. ही मुलं मला ठाऊक होती. वर्गात चिमणीचं पिल्लू पडलं तर दिवसभर त्याला कापसात घालून बसणारी. मग ती गप्प कशी राहिली? बरेच दिवस मी काही विचारलं नाही. एकदा त्यांच्यातला विठू शाळा सुटल्यावर रेंगाळला, फळा पुसत बसला. पुसून झालेला फळा परत पुसायला लागला, तेव्हा मी हळूच विचारलं.

तो फळ्याकडे तोंड करूनच म्हणाला, "बाई, घरा सांगलें आसतें जाल्यार पाठ फोडपाचे. मानशीर वचूं नाका म्हूण सांगिल्लें."

मानशीवर जायला घरून बंदी होती; सांगितलं असतं तर मार बसला असता. "पण पुंडलिक?" मी म्हटलं.

"आमकां दिसलें, तो मागीर येतलो."

मागून येईल. म्हणजे ती जेवली, खेळली, हाका मारत फिरली, ती सगळा वेळ त्याची वाट बघत. मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले. आणि रडून झाल्यावर माझ्या डोक्यात जी चक्रं सुरू झाली ती निवृत्तीपर्यंत थांबली नाहीत. आम्ही सगळ्यांनी मुलांना पाण्याची भीती घातली होती असं आम्हाला वाटत होतं. ती पाण्याला अजिबात घाबरत नव्हती. ती आम्हाला घाबरत होती.

मग मी विचारत सुटले. मला ही खोडच आहे. माहेरी मला 'चौकशी खातं' म्हणत. कोळणींना विचारलं, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला विचारलं, तळीवर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं की माणूस बुडतो म्हणजे नेमकं काय होतं. बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की दोन दिवसांनी आमच्या मोठ्या भावाने येऊन 'तुझं बरं आहे ना' म्हणून चौकशी केली. सगळ्यात बहार आणली ती तेरेखोलच्या फेरीबोटीवरच्या खलाशाने. त्याने पुष्कळांना बाहेर काढलं होतं. मी विचारलं, बुडणारा 'वाचवा, वाचवा' असं किती वेळ ओरडू शकतो? तो हसायला लागला.

"बुडपी मनीस बोब मारना, बाई. बोब मारपाक तोंडांत वारो जाय. ताच्या तोंडांत उदक आसता." ओरडायला तोंडात हवा लागते, तिथे तर पाणी. आणि त्याने चालू बोटीवर करूनच दाखवलं. मान मागे, तोंड उघडं, डोळे वर, दोन्ही हात बाजूंनी पाण्यावर थापटल्यासारखे, आणि आवाज काही नाही. एक म्हातारी उतारू घाबरून ओरडली, "अरे, हाका फिट आयली!" लोकांनी त्याला धरून बाकावर झोपवला, कुणी नाकाला कांदा लावला. तो बिचारा सांगतोय की मी बाईंना शिकवतोय, आणि कुणी ऐकेना.

माझा धडा त्या बोटीवर तयार झाला. बुडणारा ओरडत नाही, तेव्हा त्याच्या वाटची बोंब काठावरच्याने मारायची.

पुढे माझी बदली डिचोली तालुक्यात झाली, खाणपट्ट्यातल्या एका गावात. तिथे खनिजाच्या धुळीने झाडांची पानंसुद्धा लाल. शाळेसमोरच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग सकाळी लागायची ती दिवेलागणीपर्यंत. वर्गात निम्मी मुलं गावच्या शेतकऱ्यांची, निम्मी सिंधुदुर्गातून आलेल्या ड्रायव्हर-क्लीनरांची. शाळेमागे खाणीतल्या निरुपयोगी मातीचा डोंगर, म्हणजे डंप, आणि डंपापलीकडे बंद पडलेल्या खाणीचा खड्डा. त्याला सगळे पीट म्हणायचे. खाण चालू असताना पंपाने पाणी उपसतात. बंद झाली की पावसाने भरते. पाणी असं हिरवंनिळं की मलासुद्धा मोह व्हावा.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. तळी हळूहळू खोल होत जाते, पायाला कळतं. पीट तसं नाही. खाण पायऱ्यापायऱ्यांनी खणतात, एकेक पायरी घराएवढी उंच. पाणी भरलं की वरची पायरी गुडघाभर पाण्याखाली राहते. मूल तिच्यावर मजेत चालतं, वाटतं हाच तळ. पुढचं पाऊल टाकतं तिथे काहीच नसतं. आणि बारीक गाळ इतका निसरडा की परत चढायला बोटं रुतत नाहीत. गावातली मुलं तळीत माशासारखी पोहायची, आणि ज्याला तळी कळते त्याला पीट कळतं अशी त्यांची खात्री होती.

मी दर शनिवारी शेवटचा तास पाण्याचा केला. पडवीत खडूने नदी काढायची. एकाने नदीत बुडायचं, बाकीच्यांनी काठावर. पहिला नियम, मागोमाग पाण्यात उडी मारायची नाही. दुसरा, पोटावर आडवं पडून काठी, पंचा, जे असेल ते पुढे करायचं. त्यासाठी मी दोन सुके असोले नारळ, म्हणजे सोडणासकटचे, सुंभाने जोडून ठेवले होते आणि त्यांना लांब दोरी बांधली होती. आमच्याकडे पूर्वीपासून असेच नारळ काखेत देऊन पोरांना पोहायला शिकवतात. तिसरा नियम बोंब. नुसतं 'धावा धावा' नाही, आधी जागा, मग नाव. म्हणजे पहिलीतला गोट्या बुडणारा झाला असेल तर, "पिटार! पिटार! गोट्या बुडलो!" कारण नाव आधी ओरडलं की आई धावते ती भलतीकडेच.

मुलांना तास फार आवडायचा. फक्त अडचण अशी की सगळ्यांनाच बुडायचं असायचं, वाचवायला कुणी तयार नसे. एकदा तपासणीला साहेब आले तो नेमका शनिवार. त्यांनी पाहिलं तर अर्धी शाळा पोटावर पालथी आणि अर्धी बेंबीच्या देठापासून ओरडतेय. "हा कुठला विषय?" मी म्हटलं, परिसर अभ्यास. साहेब बूट काढून पडवीत उतरले आणि म्हणाले, "मी बुडतो, मला काढा." पहिलीच्या पोरीने नारळ फेकला तो नेमका त्यांच्या कपाळावर. तपासणीचा अहवाल चांगला आला, टेंगूळ मात्र जेवणापर्यंत टिकलं.

मुलं तयार झाली होती, पण बोंब मारल्यावर घरी काय होणार, हा विठूचा प्रश्न तसाच होता. मी पालकांना बोलावलं. म्हटलं, पाण्याकडून ओरडत आलेल्या मुलाला मारणार नाही एवढं वचन द्या. एकाने विचारलं, बोंब मराठीत मारायची की कोकणीत. दिवसच तसे होते. मी म्हटलं, जी आधी तोंडात येईल ती. बाकीचे मान डोलावून मोकळे झाले. बाईमाणसाने काही सांगितलं की डोलावतात तशी.

खरं बोलला तो एकटा बाबल. दोडामार्गाकडचा ट्रक ड्रायव्हर, उंचापुरा, हाताचा पंजा सुपाएवढा. त्याची मनीषा माझ्याकडे चौथीत आणि धाकटा गोट्या पहिलीत.

"बाईनु, ऱ्हावा जरा," तो म्हणाला. "मार नाय दिलो तर पोरां त्या पिटारच जावन बसतली. माज्या बापाशीन माका बडवल्यान, म्हणान मी आज तुमच्या म्होरां उभो आसय."

त्याचंही खोटं नव्हतं. माराच्या धाकाने पुष्कळ मुलं पाण्यापासून लांब राहतातच. पण जे एखादं जातं, त्याला तोच धाक गप्प करतो. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या तर करायचं काय, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

त्या गावात घाडीकाका होते. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी. ते एकेक वाक्य बोलतात आणि जमलेला गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. तिथे 'व्हय' म्हटलेलं मोडायची छाती कुणाची नसते. मी जाऊन म्हटलं, काका, जत्रेच्या गाऱ्हाण्यात माझं एक वाक्य घाला. काका पान चघळायचे थांबले.

"गाऱ्हाणें म्हळ्यार मनांत आयलें तें घालपाची गजाल न्हय, बाई. देवाक विचारूंक जाय."

देवाला विचारायचं म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी आणि गावचे चार जाणते समोर बसलो. बाबलही आला होता, मुद्दाम. काकांनी प्रश्न घातला, 'पाण्यावर गेलेल्या भुरग्यांक मारचें न्हय, हें तुका मानवता?' मी पाकळीवरून नजर काढली नाही. वर्गात परीक्षेचा निकाल लागताना मुलं बघतात ना, तशी. डावी पाकळी टपकन पडली. बाबल माझ्याकडे बघून हसला, वाईट नाही, पण हसला.

काकांनी ओठ पुसले, नव्या पाकळ्या लावल्या आणि प्रश्न बदलला. जे मूल पाण्याकडून बोंब मारत येईल, त्याला त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही. फक्त त्या दिवशी. पुढचं आईबापांनी बघावं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी पडली.

मला अजून कुतूहल आहे की काकांनी दुसऱ्या वेळी उजवी पाकळी कमी ओली लावली होती का. विचारायचं राहून गेलं, आणि आता काका नाहीत.

जत्रेला देऊळ भरलं होतं. ड्रायव्हर लोकही होते, नारळ ठेवायला आलेले. काकांनी हात जोडून आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या गांवचीं भुरगीं उदकार वतात, तांचो तूं सांबाळ कर!"

"व्हय म्हाराजा!"

"जें भुरगें उदकाकडल्यान बोब मारीत येतलें, ताका त्या दिसा कोणेंच हात लावंचो न्हय!"

"व्हय म्हाराजा!" त्यात बाबलचा आवाज सगळ्यांच्या वर होता. देवासमोर तो कधी हातचं राखून बोलत नसे.

नंतर ऊन चढायच्या दिवसांत, एका शनिवारी, शाळा सोडून मी खोलीवर येऊन ताट वाढून घेतलं होतं. लांबून बोंब ऐकू आली. मला वाटलं, पोरं वाटेत सराव करतायत. हातातला घास तोंडात घातला आणि मग लक्षात आलं की आवाज डंपाकडून येतोय आणि त्यात हसू नाही. "पिटार! पिटार! गोट्या बुडलो! पिटार!" मी अनवाणी धावले. चपला घालायचं सुचलंच नाही.

मी पोचेपर्यंत रांगेतल्या ट्रकांवरचे लोक पुढे गेले होते. मनीषा गुडघाभर पाण्यातल्या त्या पायरीच्या अलीकडे, सुक्यावर, पालथी पडली होती. हातात दोरी, दोरीच्या टोकाला शाळेचे असोले नारळ, आणि नारळांना मिठी मारून गोट्या. पायरीच्या पलीकडे, जिथे खाली काही नाही तिथे. दोरी तिने मनगटाला गुंडाळली होती. ओढायची ताकद उरली नव्हती, पण तोंड चालू होतं. वरून कडेने वळसा घालायला वेळ गेला असता, म्हणून एकाने ताडपत्रीचा दोर खाली टाकला आणि बाबल त्यावरून सरसरत उतरला. त्याने दोरी ओढली, गोट्याला काढला, उलटा केला. गोट्या खोकला, ओकला, मग मोठ्याने रडला. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

बाबलने पोराला खाली ठेवलं आणि मनीषाकडे वळला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. हात वर गेला. मनीषा हलली नाही, तिने फक्त डोळे मिटून घेतले. मी लांब होते. इतक्यांना ओरडायला शिकवलं आणि ऐन वेळी मीच बोंब मारली नाही.

वरून एक ड्रायव्हर म्हणाला, अगदी हळू, "बाबल, गाऱ्हाणा."

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो हात कितीतरी वेळ तसाच होता. मग बाबल मटकन चिखलात बसला, मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या फ्रॉकात तोंड घालून हुंदके द्यायला लागला. त्याच्या हाताचं रक्त तिच्या फ्रॉकला लागलं, तेव्हा कळलं की दोरावरून उतरताना त्याच्या दोन्ही तळहातांची सालटं निघाली होती.

नारळ शाळेच्या कपाटातून पिटावर कसे गेले, हे मी संध्याकाळी मनीषाला विचारलं. ती म्हणाली, "बाई, नारळ पडवेत तरंगता काय बुडता, ता कसा कळतला? म्हणान नेलो. गोट्या वजनाक हलको, म्हणान तेका बसयलो." आता या मुलीला काय बोलणार? खरा प्रश्न होता आणि तिने तो नीट तपासून पाहिला होता. मी इतकी वर्षं दुसरं काय करत होते? माझा तास तिला पिटावर घेऊन गेला आणि माझ्याच तासाने परत आणलं, हा हिशेब मला अजून नीट मांडता येत नाही. पुढच्या शनिवारपासून मी नारळ तळीवर नेले, पोहणाऱ्या बायका बरोबर घेऊन, आणि तरंगतो की बुडतो ते सगळ्यांसमोर दाखवायला लागले. कपाटाला कुलूप घातलं ते वेगळं.

पण माझा जीव दुसरीकडे टांगला होता. देवाने दिला होता फक्त तो एक दिवस. सोमवारी मनीषा शाळेत आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, घरी मार बसला का?

"नाय, बाई. पप्पा म्हणाले, हात बरे जावंदेत, मगे बघतंय तुका."

मी रोज विचारायचे. ती रोज सांगायची, अजून बरे नाहीत. हातांना पट्ट्या होत्या तोवर ठीक. मग पट्ट्या गेल्या. बाबल परत ट्रकवर बसला, दोन्ही हातांनी ते भलंमोठं चाक फिरवत शाळेसमोरून जाऊ लागला. मी विचारलं की मनीषा म्हणायची, "दुखतत अजून."

शिगमा आला. देवळापुढच्या मांडावर गावकऱ्यांत ड्रायव्हर लोकही मिसळले होते, आणि मधोमध बाबल घुमट घेऊन उभा. घुमट म्हणजे मातीच्या घटाला चामडं लावलेलं वाद्य, उघड्या तळहाताने मारायचं. बाबलने असा काही हात लावला की घटाच्या ठिकऱ्या होतात की काय वाटावं. लोक बेभान झाले होते. गोट्या त्याच्या पायापाशी नाचत होता.

मनीषा माझ्याशेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बापाच्या हातांकडे बघितलं. तिने माझी नजर ओळखली.

"पप्पांचे हात अजून बरे जावक नाय, बाई," ती अगदी गंभीरपणे म्हणाली, आणि टाळ्या वाजवायला लागली.